अल्फा फाय ओमेगा ही कसली फ्रॅटर्निटी आहे आणि तिच्यात मुली कशा?

अमेरिकेत पदवीचे शिक्षण घेणारी आपली कन्या 'अल्फा फाय ओमेगा' या फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात, दाखल झाली आहे, आणि फ्रॅटर्निटी म्हटले की मुलांची स्वतंत्र घरे व रात्रभर चालणाऱ्या पार्ट्याच आठवतात, तेव्हा हा प्रकार नेमका काय आहे, असे आपण विचारले आहे. मी पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे असताना या संस्थेच्या एका चॅप्टरच्या, म्हणजे महाविद्यालयीन शाखेच्या, रक्तदान शिबिरांत मदतीला जात असे. तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर तिच्या पहिल्या चॅप्टरच्या इतिहासात सापडते.

पेनसिल्वेनिया राज्यात डेलावेअर आणि लीहाय या नद्यांच्या संगमावर ईस्टन नावाचे गाव असून तेथे लाफायेट कॉलेज आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलात काम केलेला फ्रँक रीड हॉर्टन हा तरुण पुढे या कॉलेजात शिकत होता. वयाने आणि अनुभवाने तो बरोबरीच्या विद्यार्थ्यांहून मोठा होता. तो स्वतः सिग्मा अल्फा एप्सिलॉन या नेहमीच्या धाटणीच्या फ्रॅटर्निटीचा सदस्य होता आणि त्याचबरोबर स्थानिक बालवीर (स्काउट) चळवळीतही काम करीत होता. युद्ध जवळून पाहिलेल्या या माणसाला असे वाटू लागले की, माणसामाणसांतले आणि राष्ट्राराष्ट्रांतले तंटे सोडवण्याची काहीतरी अधिक शहाणी रीत तरुणांना शिकवता आली पाहिजे. बालवीरांच्या शपथेत आणि नियमांत त्याला तिचा पाया दिसला. मात्र कॉलेजात पाऊल ठेवले की मुलांचा स्काउटिंगशी संबंध तुटे, आणि तो टिकवणारे काही तेथे नव्हते.

१६ डिसेंबर १९२५ रोजी कॉलेजच्या ब्रेनर्ड हॉल या इमारतीत हॉर्टनसह १४ विद्यार्थ्यांनी दीक्षा घेतली आणि अल्फा चॅप्टर स्थापन झाला. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तीन तत्त्वे ठरली. हॉर्टनने स्वतःसाठी 'सुप्रीम ग्रँड मास्टर' असे भारदस्त पदनाम घेतले होते, ते वाचून आज हसू येते. पण ग्रीक अक्षरांचे नाव, दीक्षाविधी आणि पदांचा थाट यांखेरीज त्या काळच्या कॉलेजविश्वात कोणी आपल्याला गांभीर्याने घेणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असावे, असा माझा तर्क आहे. म्हणजे साचा फ्रॅटर्निटीचा आणि आत माल स्काउटिंगचा. राहण्याचे सामाईक घर मात्र या साच्यात नव्हते, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या फ्रॅटर्निटीत राहणारा विद्यार्थीही येथे सदस्य होऊ शकत असे. हॉर्टन स्वतःच त्याचे उदाहरण होता.

१९२७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात बीटा चॅप्टर निघाला आणि पुढे ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने शाखा वाढत गेल्या. अक्षरे संपल्यावर दोन-दोन अक्षरांची नावे आली. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या म्यू अल्फा चॅप्टरमध्ये पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिल क्लिंटन होते. खरा विस्तार झाला तो १९३१ ते १९४६ या काळात संस्थेचे अध्यक्ष राहिलेल्या एच. रो बार्टल यांच्या कारकिर्दीत. हे गृहस्थ व्यवसायाने स्काउट संघटक होते, पुढे कॅन्सस सिटीचे महापौर झाले, आणि त्यांच्या 'चीफ' या टोपणनावावरूनच तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाला 'चीफ्स' हे नाव पडले. १९५० मध्ये मनिला येथील फार ईस्टर्न विद्यापीठात फिलिपीन्समधला पहिला चॅप्टर सुरू झाला.

आता मुलींविषयी. सुरुवातीला सदस्यत्वाला दोन अटी होत्या: उमेदवार पुरुष असावा आणि तो पूर्वी स्काउट असावा. ज्या लाफायेटमध्ये हे सारे सुरू झाले, तेथेच १९७० पर्यंत मुलींना प्रवेश नव्हता, हे ध्यानात घेतले तर पहिल्या अटीचे नवल वाटत नाही. स्काउट असण्याची अट १९६७ मध्ये गेली. दरम्यान सेवाकार्य करू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींनी वाट पाहत न बसता १९५२ मध्ये गॅमा सिग्मा सिग्मा ही स्वतःची संस्था काढली होती. अखेर १९७६ च्या राष्ट्रीय अधिवेशनात अल्फा फाय ओमेगाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले, तरी काही चॅप्टर त्यानंतर तीस वर्षे केवळ पुरुषांचेच राहिले. केवळ पुरुषांचे राहण्याची ही सवलत या शतकाच्या पहिल्या दशकात संपली. नाव मात्र फ्रॅटर्निटी हेच राहिले, आणि अनेक चॅप्टरमध्ये मुलींनाही 'ब्रदर' असेच म्हणतात. रक्तदान शिबिराच्या टेबलावर एका विद्यार्थिनीची ओळख मला 'ब्रदर' म्हणून करून देण्यात आली, तेव्हा आपण चुकीचे ऐकले, असे मला वाटले होते.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे देता येईल. फरक असा की, एनएसएस शासनाची असून तिचा कार्यक्रम अधिकारी प्राध्यापक असतो, तर येथे उपक्रम ठरवणे, वर्गणी गोळा करणे, निवडणुका घेणे हे सगळे विद्यार्थी करतात आणि प्राध्यापक सल्लागार असतात. प्रवेशापूर्वी काही आठवड्यांचा उमेदवारीचा काळ असतो. त्या काळात रॅगिंगसारखा कोणताही प्रकार करण्यास संस्थेची मनाई आहे. सेवेचे किती तास भरावे लागतात आणि वर्गणी किती, हे चॅप्टरगणिक बदलते, तेव्हा ते आपल्या कन्येलाच विचारावे.