सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडंला बाग लावताय ना? मग हे ऐका

काळवीट उंच उडी मारतं, म्हणून तुम्ही सहा फुटी जाळी आणणार. पण ते बहुतेकदा कुंपणाखालूनच सरकतं. म्हणून आधी खालची फट बुजवा. जाळीचा काठ मातीत पुरा, बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्या दाबा. डाळिंबाच्या कोवळ्या रोपांना वेगळं जाळीचं कडं हवंच. मोठ्या झाडाची काळजी नको. जुन्या साड्या बांधल्या तर चार दिवस बुजतात, मग सरावतात. आमच्याकडं तर काळविटं साडीलाच टेकून उभी होती! तारेत घरची वीज मात्र सोडू नका, माणूसही मरतं. शिवाय काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. नुकसान झालंच तर फोटो काढून वनखात्याकडून पंचनामा करून घ्या.