बटण दबते, पण घड्याळ ऐकत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. पहाटे मी आठ-दहा किलोमीटर धावतो आणि तेच स्पोर्ट्स वॉच हातात ठेवून नंतर बागेत कामाला लागतो. घड्याळाला पाच बटणे आहेत. त्यातील उजवीकडचे खालचे, म्हणजे फेरी नोंदवण्याचे बटण महिनाभरापासून मऊ पडले आहे. पूर्वीसारखा ‘टक्’ आवाज येत नाही, दाबल्यावर ते सावकाश वर येते आणि तीनदा दाबावे तेव्हा एकदा फेरी नोंदली जाते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, असे शेजारी सुचवतात. सोडू का? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : तेल सोडू नका. कारण समजण्यासाठी बटणाच्या आत काय असते ते आधी पाहू. बाहेरून दिसणारे बटण ही खरे तर एका बारीक धातूच्या दट्ट्याची टोपी असते. हा दट्ट्या घड्याळाच्या कडेतील छिद्रातून आत जातो, त्याच्या अंगावर पाणी अडवणारी एक किंवा दोन रबरी कडी असतात, बहुतेक रचनांत त्याला परत वर ढकलणारी लहानशी स्प्रिंग असते आणि तो बाहेर निसटू नये म्हणून आतल्या बाजूने चिमटीसारखी पट्टी अडकवलेली असते. दट्ट्याचे टोक आतील पट्टीवर बसवलेल्या, उपड्या वाटीच्या आकाराच्या पातळ धातूच्या चकतीवर टेकते; दाब पडला की ही वाटी आत लचकते, विजेचा मार्ग जुळतो आणि आपल्याला तो ‘टक्’ जाणवतो. हे सारे मिलिमीटरच्या एका अंशात घडते, त्यामुळे छिद्र आणि दट्ट्या यांच्यातील फटीत केसाएवढा थर साचला तरी पूर्ण दाब वाटीपर्यंत पोहोचत नाही.

तो थर कशाचा, हे आपल्या दिनक्रमावरूनच दिसते. घामात मीठ असते. एका लिटर घामात साधारण एका ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच्या धावण्यातही घाम किती निघतो, हे सांगायला नको. घाम वाळला की मीठ फटीत राहते, त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. आपल्या बाबतीत भर पडते ती केळीच्या चिकाची. ताजा असताना तो पाण्यासारखा पातळ असल्यामुळे सहज फटीत शिरतो आणि हवा लागली की काळपट व चिकट होतो. घड कापताना अंगावरच्या सदऱ्यावर पडलेले डाग किती हट्टी असतात, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. बटण सावकाश वर येते, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची खूण मानावी लागेल, कारण आतील वाटीच थकली असती तर बटण आवाज न करता का होईना, झटकन वर आले असते. म्हणून दोष बाहेरच्या फटीत असण्याची शक्यता अधिक वाटते आणि तो घरी दूर होण्यासारखा आहे.

आता तेलाबद्दल. शिलाई मशीनचे तेल खनिज तेलापासून बनते, आणि घड्याळातील रबरी कडी सिलिकॉनची असेल तर अशा तेलाने ती फुगते. फुगलेली कडी दट्ट्याला अधिकच घट्ट धरते आणि पुढे पाणीही नीट अडवत नाही. शिवाय तेलावर धूळ बसून जो लगदा तयार होतो, तो मिठासारखा पाण्यात विरघळत नाही. गंज काढण्याच्या फवाऱ्याचेही तेच. ‘डब्ल्यूडी-४०’ हे नाव ‘पाणी हटवण्याचे ४०वे सूत्र’ या अर्थाने पडले आहे, ते १९५३ मध्ये धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले आणि नटबोल्टला उत्तम आहे. पण त्यातही खनिज द्रावकच असल्यामुळे घड्याळाच्या बटणावर मी ते मारणार नाही. सुई किंवा टाचणी फटीत घालण्याचा मोहही आवरावा, कारण तिचे टोक रबरी कडीला चरा पाडते आणि तो चरा बाहेरून दिसत नाही.

उपाय साध्या पाण्याचा आहे, फक्त तो धीराने करावा लागतो. प्रथम घड्याळातील नोंदी मोबाइलवर उतरवून घ्या, घड्याळ बंद करा आणि पट्टा काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब मिसळून, त्यात भिजवलेल्या मऊ, शक्यतो लहान मुलांच्या दात घासण्याच्या ब्रशने बटणाभोवतीची कड हलक्या हाताने घासा, म्हणजे चिकाचा वरचा थर सुटेल. नंतर साबण धुऊन घड्याळ स्वच्छ कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा. हे पाणी बोअरचे नसावे. आपल्या भागातील बऱ्याच बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की ते वाळल्यावर स्टीलच्या तांब्यावरही पांढरे पुट धरते, आणि तेच पुट बटणाच्या फटीतही धरेल. त्यापेक्षा पिण्यासाठी आणलेले जारचे पाणी वापरा.

घड्याळ पाण्यात बुडालेले असताना बटण दाबू नका. काही घड्याळांना ते चालते, काहींच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट मनाई असते. त्यामुळे घड्याळ बाहेर काढून, बटणावर पाण्याची बारीक धार किंवा चमच्याने थेंब सोडत ते वीस-तीस वेळा पूर्ण दाबणे हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. गोल बटण बोटाने जागच्या जागी फिरत असेल तर थोडे फिरवूनही पाहा, पण फिरत नसेल तर जोर करू नका. एकदा करून लगेच निकालाची अपेक्षा ठेवू नये. मीठ तासाभरात विरघळते, चिकाला दोन-तीन दिवस लागू शकतात, म्हणून हाच क्रम दोन-तीन संध्याकाळी करा. शेवटी सुती कापडाने टिपून घड्याळ सावलीत वाळवा आणि मागचे चार्जिंगचे बिंदू पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ते चार्जरला लावू नका, कारण ओलावा, मीठ आणि विजेचा प्रवाह एकत्र आले की ते बिंदू झिजतात.

एक सावधगिरी खास आपल्या उन्हाळ्यासाठी. दुपारी मोटारसायकलवर किंवा बांधावर तापलेले घड्याळ थेट माठाच्या पाण्यात बुडवू नका. आतील हवा ४५ अंशांवरून २० अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ लागते. नवी रबरी कडी ते सहज अडवते, दोन-चार उन्हाळे सोसलेली कडी अडवेलच असे नाही. घड्याळ आधी सावलीत निवू द्यावे.

हे सर्व करूनही बटण झटकन वर येऊ लागले, पण ‘टक्’ परतला नाही, तर मात्र आतील वाटी बसली आहे किंवा दट्ट्याचे टोक झिजले आहे असे समजावे. त्याला घरगुती उपाय नाही. तोपर्यंत काम अडू नये म्हणून घड्याळाच्या सेटिंगमध्ये दर किलोमीटरला आपोआप फेरी नोंदवण्याची सोय सुरू करा, आणि बटणांची कामे बदलता येत असतील तर फेरीचे काम डावीकडच्या चांगल्या बटणाकडे द्या. बागेत जाताना घड्याळ घरी ठेवता आले, तर उत्तमच.

प्रश्न : माझ्या घड्याळाची सर्व बटणे एकाच दिवशी बंद पडली. ‘टक्’ आवाज येतो, पण पडद्यावर काहीच हलत नाही. आत घाण गेली असेल का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : घाण सर्व बटणांत एकाच दिवशी शिरत नाही. आवाज येत असेल तर बटणे आपले काम करीत आहेत आणि अडचण बहुधा घड्याळाच्या प्रणालीत आहे. बटणांचे कुलूप किंवा पोहण्याच्या वेळचे पाणी-कुलूप लागले आहे का ते पाहा. नसेल तर चालू-बंद करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बहुतेक घड्याळे नव्याने सुरू होतात. ती सुरू झाल्यावर मोबाइलवरून अद्ययावत आवृत्ती भरून घ्या. मात्र पाठीचे झाकण किंवा काच किंचित उचलल्यासारखी दिसत असेल, तर आतील बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तशा घड्याळाला दाबून बसवू नका, चार्जही करू नका.

प्रश्न : मी धुळ्यात पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटरचा सराव ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्यांत करताना प्रत्येक फेरीची वेळ लागते, पण मित्राकडून घेतलेल्या जुन्या घड्याळाचे ते बटण आत जाऊन बसले आहे, वर येतच नाही. मोबाइल दुरुस्तीवाले झाकण उघडून स्वच्छ करून देतो म्हणतात. उघडू द्यावे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : आधी वरच्या उत्तरातील पाण्याचा उपाय करून पाहा, कारण आत अडकलेले बटण अनेकदा केवळ वाळलेल्या मिठाने धरलेले असते. तरीही ते वर आले नाही, तर स्प्रिंग गंजली असावी किंवा दट्ट्याला अडकवणारी चिमटीसारखी पट्टी निसटली असावी, आणि मग झाकण उघडण्यावाचून मार्ग नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचा हात बारीक कामाला सरावलेला असतो, तेव्हा त्याच्या कौशल्याबद्दल माझी शंका नाही. शंका आहे ती झाकणाखालच्या रबरी पट्टीबद्दल : ती एकदा हलली की पूर्वीसारखी बसेल याची खात्री नसते, आणि उघडलेले घड्याळ पाणी अडवते की नाही हे दाबयंत्रावर तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आपले घड्याळ जुने आहे, हमी संपलेली आहे आणि आपल्याला फक्त फेऱ्यांच्या वेळा हव्या आहेत, म्हणून मी उघडू देईन. पण त्यानंतर ते घड्याळ पावसात किंवा आंघोळीला घालणार नाही. हमी शिल्लक असलेल्या घड्याळाबद्दल माझे उत्तर याच्या उलट असते.

प्रश्न : मी मेहरूण तलावाभोवती रोज चालते आणि आठवड्यातून दोनदा पोहते. ५० मीटर पाणीरोधक म्हणून विकलेल्या घड्याळाची दोन बटणे नऊ महिन्यांतच बंद पडली. सेवा केंद्राने ‘पाणी गेले आहे, हमी लागू नाही’ असे तोंडी सांगून घड्याळ परत केले. आता काय करावे? (एक वाचिका, जळगाव)

उत्तर : ५० मीटर, म्हणजेच ५ एटीएम (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पाचपट), हा आकडा नव्या घड्याळावर स्थिर दाबाने केलेल्या चाचणीचा असतो, त्याचा अर्थ ५० मीटर खोल जाता येते असा नाही. तरीही साधे पोहणे या वर्गातील घड्याळांना सामान्यतः चालते आणि माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख असल्यास आपली बाजू भक्कम आहे. त्यामुळे ते पान आणि विक्रीच्या वेळची जाहिरात जपून ठेवा. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे : पोहून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने न धुणे, पाण्यात बटणे दाबणे, गरम पाण्याच्या शॉवरखाली ते घालणे, यांपैकी पुस्तिकेत मनाई असलेले काही घडले असेल तर कंपनी तोच मुद्दा पुढे करील.

तोंडी नकार स्वीकारू नका. कंपनीला ई-मेल करून, पाणी कोठून गेले आणि कोणत्या तपासणीत ते आढळले, हे लेखी मागा. देयकाची प्रत आणि बटणांची चित्रफीत सोबत जोडा. उत्तर न आल्यास किंवा समाधानकारक नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जेथे राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे जळगावलाच, तक्रार दाखल करता येते, मग कंपनीचे कार्यालय कोणत्याही शहरात असो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दरम्यान घड्याळ स्थानिक दुकानात उघडू देऊ नका, नाहीतर पाणी कोणामुळे गेले हा वाद आपल्याच अंगावर येईल.