शिक्षकांबरोबर शैक्षणिक गेम बनवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दोघं डेव्हलपर दुसरीसाठी गणिताचा गेम करताय आणि शाळेतल्या बाई मात्र पाठ्यपुस्तकातलीच उदाहरणं काढून देतात, ही तुमची तक्रार. पण "कंटेंट द्या" म्हटल्यावर कोणीही पुस्तकच उघडणार. मी गेली काही वर्षं हेच काम करतोय आणि शिक्षकांकडे सगळ्यात आधी मागतो त्या मुलांच्या चुकलेल्या वह्या. पुस्तक काय, आपल्यालाही वाचता येतं. पोरं नेमकी कुठे अडतात ते बाईंनाच माहीत.

'त्रेसष्ट' घ्या. लिहायला सांगितलं की काही मुलं ३६ लिहितात, कारण कानावर आधी तीन पडतात, मग साठ. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं ते याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि त्यावरून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. आता डेव्हलपर काय करतो? ६३च्या जोडीला १७, ८८, ४० असे रँडम पर्याय टाकतो, म्हणजे ज्याला काहीच येत नाही तोही अंदाजाने पुढच्या लेव्हलला. बाई ३६ देतील आणि ६०३सुद्धा देतील. ६०३ लिहिणारं मूल साठ लिहून त्याला तीन चिकटवतं. त्याचा घोळ स्थानिक किमतीचा, ३६वाल्याचा क्रमाचा. ३६ दाबल्यावर लाल फुली दाखवण्यापेक्षा तीन गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या समोर येऊ द्या, शेजारी सहा गठ्ठे आणि तीन काड्या. गेमची खरी रचना इथे सुरू होते.

हे काही नवं नाही. 'ओरेगॉन ट्रेल' हा एकोणिसाव्या शतकात गाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या प्रवासाचा गाजलेला गेम १९७१मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये तिघांनी केला. कल्पना डॉन रॉविच या इतिहासाच्या प्रशिक्षणार्थी शिक्षकाची. प्रोग्राम लिहिणारे त्याचे दोन मित्रही शिक्षकच होऊ घातलेले, गणिताचे. पुढे रॉविचने त्या काळच्या प्रवाशांच्या डायऱ्या वाचून वाटेत कुठलं संकट किती वेळा यावं याचे आकडे सुधारले. इतिहासाचे प्रश्न विचारत बसण्याऐवजी त्याने इतिहास गेमच्या नियमांत घातला. शिक्षकाचं ज्ञान जायला हवं ते असं आत, कोडमध्ये.

बाकी कामाचं थोडं. पहिली आवृत्ती कागदावर करा, पुठ्ठ्याची कार्डं आणि खडू पुरे. स्क्रीन दाखवलीत की शिक्षक रंगांवर बोलतात, कार्डं दिलीत की खेळ मोडतोड करून बघतात. चुकीचे पर्याय कोडमध्ये कोंबू नका. एका साध्या एक्सेल शीटमध्ये ठेवा आणि ती शीट बाईंच्या ताब्यात द्या. टायमरवरून भांडण होणारच (आमच्याकडे दर वेळी होतं). त्यात मी बाईंचीच बाजू घेतो, कारण घड्याळ लावलं की सावकाश विचार करणारं मूल आधी गळतं. आणि एका टॅबवर चार डोकी वाकणार हे धरून चाला. "एक मूल, एक लॉगिन" हे सरकारी शाळेत टिकत नाही.

शेवटचं, वेळेचं बघा. परीक्षा, सर्वेक्षण, निवडणुकीची ड्युटी यांतून शिक्षकाला जो तास मिळतो, तो तुम्हाला फुकट मिळावा अशी अपेक्षा ठेवू नका. बजेटमध्ये डिझायनरसारखंच त्यांचंही मानधन धरा.