ठिगळाचा खर्च आणि त्यानंतरचा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र थोडक्यात असं: यजमान 3 आठवडे व्हेंटिलेटरवर होते, त्यानंतर श्वासनलिका आकसली. दोनदा दुर्बिणीतून रुंद केली, दोन्ही वेळा पुन्हा आवळली. आता एक क्लिनिक डुकराच्या ऊतीपासून बनवलेलं ठिगळ बसवायचं म्हणतंय, आणि तुम्ही निवृत्तीच्या ठेवींपैकी दोन तृतीयांश मोडून सगळी रक्कम आगाऊ भरायला निघाला आहात.

ठेवी आत्ता मोडू नका. नवऱ्याच्या श्वासापुढे व्याज काय, हे मलाही कळतं. पण तुम्ही पाठवलेलं अंदाजपत्रक दोनदा वाचलं, त्यात एकच ओळ आहे: ‘कलम शस्त्रक्रिया, संपूर्ण पॅकेज’ (कलम म्हणजे हेच ठिगळ). नंतरच्या दुर्बीण तपासण्या, आत वाढणारं मांस काढणं, गरज पडल्यास नळी उघडी ठेवणारा स्टेंट, जोड उसवली तर पुन्हा आयसीयू, यांतल्या एकाचाही आकडा नाही. कमावतं माणूस घरी बसेल ते महिने तर कुठेच धरलेले नाहीत.

प्राण्याची ऊती म्हणून बिचकू नका. पेशी धुऊन काढलेला डुकराच्या आतड्याचा थर किंवा गाईचं हृदयावरण शस्त्रक्रियांत कित्येक वर्षं वापरतात. अडचण श्वासनलिकेची आहे. जेमतेम 10 ते 12 सेंटिमीटरची ही नळी कूर्चेच्या कड्यांमुळे उघडी राहते. ठिगळ श्वासाबरोबर आत ओढलं जाता कामा नये, हवा गळता कामा नये, आणि हे सगळं जंतूंच्या वाटेवर, तुटपुंज्या रक्तपुरवठ्यावर. म्हणून इथे हा उपाय अजून मोजक्याच रुग्णांवर झालाय. क्लिनिकच्या माहितीपत्रकात 2008 च्या बार्सिलोनातल्या शस्त्रक्रियेचा दाखला आहे. ती नळी मृत मानवी दात्याची होती, आणि तिच्यावरचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2023 मध्ये मागे घेतला. असा दाखला देणाऱ्याला मी आगाऊ पैसे देणार नाही.

व्हेंटिलेटरनंतरच्या आकसण्यावर रुळलेला उपाय आहे: खराब भाग कापून टोकं जोडणं. अनुभवी सर्जन प्रौढ माणसात जवळपास अर्ध्या लांबीपर्यंत हे करू शकतात. तेव्हा पहिला खर्च श्वासनलिकेच्या सर्जनकडून दुसऱ्या मताचा. ‘कापून जोडणं का शक्य नाही’ हे लेखी मागा.

मग विमा. पॉलिसीच्या अपवादांत ‘प्रायोगिक उपचार’ शब्द सापडतो का पाहा. बहुधा सापडेलच, आणि कापून जोडण्याला तो लागू होणार नाही. क्लिनिक ‘संशोधन’ म्हणत असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत तपासल्या जाणाऱ्या वस्तूचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत.

एवढं होऊनही ठिगळच उरलं, तर रक्कम टप्प्याटप्प्याने भरू द्या म्हणा. वर्षाचा घरखर्च आणि पुढच्या तपासण्यांचे पैसे आधी बाजूला काढा, मग सर्वात कमी व्याजाची ठेव पहिली मोडा. सर्जनचं पत्र हातात आलं की पाठवा, ठेवींच्या तारखा समोर घेऊन बसू.