कोल्हापूरहून गोकाक, सौंदत्ती, बेळगाव, हलशी : चौघं, चार दिवस, आठ हजार. जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, आई (वय ६७) आणि बहीण कोल्हापूरहून निघणार, निपाणीची मावशी वाटेत सामील होणार. गाडी नाही. बेळगावात मुक्काम ठोकून रोज एक ठिकाण करायचं म्हणता. एकूण आठ हजार हातात आहेत, त्यात भागेल का, आणि सवलती कुठे मिळतील?

भागेल, पण बेळगावात तळ ठोकून नाही. गोकाकला जाऊन परत, सौंदत्तीला जाऊन परत असं केलंत तर तोच रस्ता दोनदा तुडवाल आणि शंभराहून जास्त किलोमीटरचं भाडं उगाच भराल. गोकाक मुळात कोल्हापूर-बेळगावच्या मध्येच पडतं, रेल्वेने आलात तर. त्यामुळे फेरा असा घ्या: कोल्हापूर, मिरज, घटप्रभा, गोकाक (पहिला मुक्काम), तिथून यरगट्टीवरून सौंदत्ती, संध्याकाळी बैलहोंगलमार्गे बेळगाव (दोन मुक्काम), तिसऱ्या दिवशी खानापूर-हलशी, चौथ्या दिवशी शहर पाहून कोल्हापूर.

आता सवलती. यात लोकांचा फार घोळ होतो, कारण दोन राज्यं, दोन महामंडळं आणि नियम वेगवेगळे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना साध्या, शहर आणि वेगदूत (जलद) गाड्यांत फुकट प्रवास आहे, पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. निपाणी कर्नाटकात, म्हणजे मावशींना मिळेल. तुमच्या आई-बहिणीला नाही, त्यांना पूर्ण तिकीट. मावशींनी आधार कार्ड मूळचं जवळ ठेवावं, झेरॉक्सवर कंडक्टर ऐकत नाहीत. आणि तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी मागून घ्यावं. तपासणी आली की तिकीट नसलेला प्रवासी तो तिकीट नसलेलाच.

आंतरराज्य गाडीला ही योजना लागू नाही. बेळगावहून निपाणीला परतताना मावशी कोल्हापूर किंवा पुण्याचा फलक लावलेल्या गाडीत चढल्या, तर गाडी कर्नाटकची असूनही पैसे पडतील. त्यांनी निपाणी किंवा चिकोडी फलकाची गाडी बघावी. चिकोडीला उतरावं लागलं तरी निपाणीची पुढची गाडी मिळते.

उलट बाजूला आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच. आईंना दोन्ही मिळून पाव तिकीट होत नाही, एकच सवलत लागते. ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कागलच्या पुढे हद्द संपली की उरलेल्या अंतराचं पूर्ण भाडं लावतात. म्हणजे कोल्हापूर-बेळगावच्या शंभरावर किलोमीटरमध्ये सवलत जेमतेम वीसेक किलोमीटरची. कर्नाटकच्या गाडीत बसलात तर तेवढीही नाही. दोन्ही गाड्या समोर उभ्या असतील तर एसटी घ्या. पण त्यासाठी स्टँडवर तासभर ताटकळत बसू नका, तेवढ्या वेळात चौघांच्या चहाला जास्त जातील. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या बायकांचं गणित वेगळं, त्यांनी एसटीच धरावी. आणखी एक: जानेवारी २०२५ मध्ये दोन्हीकडची भाडी वाढली, कर्नाटकात १५ टक्के आणि एसटीत १४.९५. जुन्या व्हिडिओंतले आकडे त्यामुळे बाद.

खरी बचत रेल्वेत आहे, तिथे बाई-पुरुष सगळे सारखेच. (ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिची वाट पाहू नका.) मिरज-बेळगाव-लोंढा मार्गावर कुडची, चिंचली, रायबाग, घटप्रभा, पाच्छापूर, सुळेभावी, देसूर, खानापूर, गुंजी अशी लहान-मोठी स्टेशनं आहेत, आणि पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट १० रुपये, एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचं ३० रुपये. बेळगाव-खानापूर पॅसेंजरने दहा रुपयांत होतं. पण गाडी संथ चालते आणि प्रत्येक ठिकाणी थांबते म्हणून ती पॅसेंजर असं समजू नका, नंबर बघा. ५, ६ किंवा ७ ने सुरू होणारा नंबर म्हणजे साधं भाडं. १ किंवा २ ने सुरू होत असेल तर एक्स्प्रेसचं. साध्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये सापडलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड, माणशी. चौघांचे हजार गेले की सहलीचं सगळं अंदाजपत्रक कोसळलं.

कोल्हापूरला तिकीट थेट घटप्रभापर्यंतचं काढा, मिरजेला उतरून नवं काढू नका. तुकडे केले की दोनदा किमान भाडं भरावं लागतं आणि रांग वेगळीच. मिरजेपुढची गाडी एक्स्प्रेस असेल तर पूर्ण तिकीट एक्स्प्रेसचंच घ्या. २०० किलोमीटरच्या आतल्या जनरल तिकिटावर तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे आदल्या रात्री काढून ठेवण्यात अर्थ नाही. आणि ५०० किलोमीटरच्या आत वाटेत उतरून पुन्हा त्याच तिकिटावर चढता येत नाही; 'बेळगावचं काढतो, गोकाक बघून पुढे जातो' हे चालत नाही. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की अर्धा दिवस गेला, म्हणून आदल्या रात्री एनटीईएसवर (गाड्यांची वेळ सांगणारं रेल्वेचं ॲप) मिरजेची जोडगाडी पक्की करा आणि मध्ये किमान तासभर राखा.

मावशींनी निपाणीहून संकेश्वर, हुक्केरीमार्गे बसने घटप्रभा गाठावं, त्यांना फुकट. तिथून चौघांनी गोकाकची बस धरावी आणि गोकाक फॉल्सला उतरावं, धबधबा गोकाक गावाच्या सहा-एक किलोमीटर अलीकडे आहे. स्टेशनबाहेर रिक्षावाले 'स्पेशल' (अख्खी रिक्षा) म्हणून मागे लागतील, ती नको. टमटम मिळाली तर 'सीट' (माणशी भाडं) म्हणा, 'स्पेशल' नाही. एकाच रिक्षाचे दोन दर असतात. धबधबा ५२ मीटरचा, पण पाणी जुलैअखेर ते सप्टेंबर. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खडकच बघायला मिळतो, त्यामुळे त्या दिवसांत जाणार असाल तर गोकाक गाळून थेट सौंदत्ती करा, एक मुक्काम वाचेल. भर पुरात झुलत्या पुलावर सोडत नाहीत, त्यासाठी वाद घालू नका.

सौंदत्तीला जायला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. भक्तीला हरकत नाही, खिशाला आहे: गर्दीच्या दिवशी खोल्या, रिक्षा, ओटी, सगळ्याचे भाव चढतात, आणि आईंना रांगेत तासन् तास उभं राहावं लागेल. यल्लम्मा डोंगर सौंदत्ती गावापासून पाचेक किलोमीटर, बस वर जाते. नारळ, खण, भंडारा, हळद-कुंकू आदल्या संध्याकाळी गोकाकच्या बाजारात घेऊन ठेवा. डोंगरावर दुकानदार 'चप्पल ठेवा, पैसे नको' म्हणून हाक मारतो. चप्पल ठेवली की ओटीचं ताट हातात येतं आणि दर परतताना सांगतात. चप्पल पिशवीत घालून एकाने बाहेर थांबावं, आळीपाळीने दर्शन घ्यावं.

गोकाक-सौंदत्तीकडे कन्नडच चालतं. भाव विचारायला 'एष्ट्री?' आणि उतरताना कंडक्टरला 'लास्ट बस एष्टक्क ऐत्री?' (शेवटची बस किती वाजता?) एवढं आलं तरी पुरे. यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या भागात पैसे घासाघीस न केल्याने जात नाहीत, शेवटची बस चुकल्याने जातात. हलशीचंही तेच. खानापूरहून नंदगडवरून पंधराएक किलोमीटर, खेडेगावच्या गाड्या कमी आणि संध्याकाळी लवकर संपतात. चुकलात तर खानापूरपर्यंत रिक्षा करावी लागेल, आणि ती दिवसभराच्या सगळ्या तिकिटांहून महाग पडेल. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, भूवराह नरसिंहाचं देऊळ पाहा, दुपारी परत फिरा. तिथे सगळे मराठी बोलतात, वेळ विचारायला अडचण नाही. त्याच दिवशी लोंढ्यापुढे जाऊन रुळांवरून दूधसागर गाठायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, हजारापर्यंत दंड किंवा कैद.

लॉजवर तीन गोष्टी आधी विचारा. चेक-आउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? पहाटे पोचलात आणि बाराचं असेल तर सहा तासांचे एका दिवसाचे पैसे. दुसरं, डबल रूममध्ये दोन जादा गाद्यांचे किती. चौघांना दोन खोल्या घेण्यापेक्षा हे नेहमी स्वस्त, रात्रीला सगळं मिळून १,२०० च्या वर जाऊ नका. तिसरं, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्केच आहे. जुनं बिलबुक दाखवून १२ टक्के लावत असतील तर तिथेच बोला. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये असतं, तेव्हा बेळगावात खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तर दाम दुप्पट. त्या दोन आठवड्यांत जाऊच नका.

जेवण. कर्नाटक सरकारच्या इंदिरा कॅन्टीनमध्ये नाश्ता ५ आणि जेवण १० रुपये, राज्याबाहेरच्यांनाही. मर्यादित ताटं असतात, वेळ सुरू होतानाच पोचा. एरवी खानावळीत बसा, बसायच्या आधी भाकरी मोजून की पोटभर ते विचारा; जास्तीच्या भाकरीचे वेगळे लावतात. वाटेसाठी बाजारातून कडक भाकरीचं पुडकं आणि शेंगाची चटणी घ्या. आठवडाभर खराब होत नाही, वर दही घेतलं की एक वेळ भागते. आई-मावशींना दातांचा त्रास असेल तर भाकरी दह्यात दहा मिनिटं भिजू द्या.

शहर पायी होतं. सेंट्रल बसस्टँडजवळच किल्ला, त्यात १२०४ ची कमल बस्ती (जैन मंदिर). तिथून गणपत गल्ली, खडेबाजार करत कपिलेश्वर मंदिरापर्यंत उतरत जा, तिथून रेल्वे स्टेशन जवळ. बसने परतणार असाल तर मात्र उलट, कपिलेश्वरापासून सुरू करा.

हिशेब असा: खोल्यांचे ३,६००, जेवणखाण २,४०० (माणशी दिवसाला दीडशे), प्रवासाचे दोन हजारांच्या आत. ओटी आणि कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) यातूनच काढावा लागेल. वेगळे पाचशे आईंच्या पर्समध्ये ठेवा, आठ हजारांत न धरता. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या आंतरराज्य गाड्या अचानक थांबतात, विशेषतः १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास. तेव्हा बेळगावहून मिरजेची रेल्वे धरायची, ती सहसा चालू असते.

कुंदा शेवटच्या दिवशी घ्या, तो फार दिवस टिकत नाही. करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) गोकाकलाच घेतला तरी चालतो. दोन्ही सुटं तोलून मागा. खोक्यासकट काट्यावर ठेवलं तर पुठ्ठ्याचे पैसे कुंद्याच्या भावाने मोजाल.