पावसाला छाटणी म्हणू नका

वाचक विचारतात, मावशी सांगतात

प्रश्न : मावशी, प्रभूमध्ये सलाम. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर सोनाका द्राक्षाची बाग आहे. फेब्रुवारीत घडात पाणी उतरलं होतं, म्हणजे माल पिकत आला होता, व्यापारी बाग बघून गेला होता, दर ठरला होता. तोडणी तोंडावर आली आणि रात्री पाऊस झाला. सकाळी मांडवाखाली गेलो तर मणी तडकलेले, घडाला हात लावला की रस गळायचा, माशा नुसत्या घोंगावत होत्या. बेदाण्यालासुद्धा माल कुणी घेईना. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. पाळकसाहेब घरी आले, योहान १५, द्राक्षवेल आणि माळी यांचा अध्याय, वाचला आणि म्हणाले, देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांचीच छाटणी करतो. बायकोला रडू आवरेना. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद आहे. यंदा चर्चमधल्या कापणीच्या सणाला जाऊ नये असं वाटतं. देव असा असेल तर त्याला बाप कोणत्या तोंडानं म्हणायचं?

उत्तर : दादा, तुम्हालाही सलाम, आणि वहिनींनाही.

आधी तुमच्या पाळकसाहेबांच्या बाजूनं एक सांगते. ते आले. नुकसान झालेल्या घरी काय बोलावं हे सुचत नाही म्हणून कितीतरी माणसं तिकडे फिरकतच नाहीत. ते येऊन बसले, याचं मोल आहे. पण ते बोलले ते चूक बोलले, आणि ते का चूक आहे हे तुमच्या मंडळीत, चर्चच्या लोकांत, तुमच्याइतकं कुणाला कळणार? वेलीला कात्री तुम्ही लावता.

एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. कात्री चालवायच्या आधी तुम्ही काडी हातात धरून बघता, जाडी बघता, घड कुठल्या डोळ्यात, म्हणजे कळीत, असेल याचा अंदाज घेता आणि मगच किती डोळे ठेवायचे ते ठरवता. नंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावता. यातलं सगळं पुढच्या मालासाठी. आता मला सांगा, पाणी उतरलेल्या घडांवर, तोडणी तोंडावर आलेली असताना, कुठला माळी कात्री फिरवतो? फिरवलीच तर गाव त्याला माळी म्हणेल का? प्रभू येशूनं आपल्या बापाला माळी म्हटलं आहे. अवकाळीला माळी म्हटलेलं नाही.

आणि तोच अध्याय आणखी एक ओळ पुढे वाचा. दुसऱ्या वचनात फळ देणारा फाटा, म्हणजे फांदी, माळी छाटतो ही गोष्ट आहे. लगेच तिसऱ्यात प्रभू शिष्यांना सांगतो की, मी जे वचन तुम्हाला सांगितलं त्यानं तुम्ही शुद्ध झालेलेच आहात. म्हणजे त्यांच्यावर कात्री चालली ती बोलण्याची. त्यांच्या होड्या बुडवून, घरं पाडून त्यांना शुद्ध केलं नव्हतं. याकोब आणि योहान यांना त्याच्या उजवीकडे-डावीकडे बसायची हौस होती, पेत्राला आपण कधीच डगमगणार नाही अशी घमेंड होती. हे सारं त्याच्याबरोबर चालता-चालता, त्याचं ऐकता-ऐकता छाटलं जात होतं. हे सांगणारा दुसऱ्या दिवशी स्वतः वधस्तंभावर जाणार होता. आपल्या माणसांचं नुकसान करून त्यांना शहाणं करणाऱ्याची ही भाषा नव्हे.

कुणीतरी तुम्हाला इब्री १२ दाखवील, 'ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो'. तो अध्याय विश्वासापायी छळ सोसणाऱ्यांना लिहिला आहे, चौथ्या वचनात रक्त सांडण्यापर्यंतचा विषय आहे. तो पिकाच्या नुकसानीवर चिकटवू नये. आणखी कुणी १ शमुवेल १२ काढील. तिथं खरंच गव्हाच्या कापणीत देवानं पाऊस पाडला, इशारा म्हणून पाडला, हे मी लपवत नाही. पण तिथं शमुवेल संदेष्टा लोकांसमोर उभा राहून आधी सांगतो, मग गडगडाट होतो. तुमच्याकडे आधी कोण सांगून गेलं होतं? पाऊस पडून गेल्यावर अर्थ लावायला सगळेच संदेष्टे.

मत्तय ५:४५ मला तुमच्यामुळे पुन्हा नीट वाचावं लागलं. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो, हे आपण संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवतो. पॅलेस्टाईनचा पाऊस हिवाळ्यातला. तिथली द्राक्षं कोरड्या उन्हाळ्यात पिकतात, त्यामुळे तिथल्या माणसाला पाऊस म्हणजे निव्वळ देणगी. कापणीतला पाऊस त्यांनाही विपरीतच वाटायचा, नीतिसूत्रे २६:१ बघा. तेव्हा ते वचन देवाच्या उदार हाताबद्दल आहे. देव नेम धरून कुणाची बाग झोडपतो असं त्यातून निघत नाही. आभाळावर सत्ता देवाचीच, हे मी मानते. पण समुद्रावरचं बाष्प आलं आणि ढग तुमच्या शिवारावर रिते झाले, ते तुमचं नाव वाचून नव्हे.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. पाणी अजून ओसरलंही नव्हतं, तेवढ्यात कुणाच्या पापामुळे पूर आला याच्या चर्चा सुरू झाल्या, आपल्या लोकांतही. लूक १३ मध्ये प्रभूपुढे असाच विषय निघाला होता. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं प्रभू स्वतःच विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. वर ऐकणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशेब मांडत बसलेल्यांना त्यानं स्वतःकडे बघायला लावलं.

सगळं गमावून बसलेल्या इयोबाचे तीन मित्र ७ दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर उत्तम चाललं होतं. मग त्यांनी देवाच्या वतीनं बोलायला सुरुवात केली, आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो की, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक इयोब बोलला. इयोब काय काय बोलला होता ते वाचा. अंगावर काटा येतो. देवाला त्यानं कोर्टात खेचलं होतं. तरी देवाच्या लेखी खरं बोलणारा तोच.

तुमच्या बंद पडलेल्या प्रार्थनेबद्दल. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं 'द्राक्षवेलींना फळ नसले तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन' हे वचन तुमच्या घरी कॅलेंडरवर असेल, नसेल तर लवकरच कुणीतरी छापील पाठवील. ते सध्या वाचू नका. पहिला अध्याय उघडा, दुसरं वचन. मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं तो माणूस देवाला विचारतो. देवाचं पहिलं उत्तर त्याला आणखीच घाबरवतं, तर तो दुसऱ्यांदा भांडतो आणि बुरुजावर जाऊन उभा राहतो, आता काय म्हणतोस ते बघतो म्हणून. तिसरा अध्याय त्यानंतरचा. तुम्ही पहिल्या अध्यायात हवं तितकं थांबा. कुणी ढकललं तरी पुढे जाऊ नका. प्रार्थना होत नसेल तर हेच भांडण मोठ्यानं करा, मांडवाखाली करा. बापाशी भांडणारा मुलगा घर सोडून गेलेला नसतो.

आणि सणाला जा. रिकाम्या हातानं जा. तुमच्या मंडळीच्या पंचांना माझा निरोप द्या की, भोपळ्यांचा आणि कोंबड्यांचा लिलाव दरवर्षी होतो, यंदाचा पैसा छपराच्या पत्र्यांना न लावता ज्यांची पिकं गेली त्यांच्या व्याजाला लावा. 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे त्यानंतर म्हणावं. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा.

प्रश्न : मावशी, मी साताऱ्याहून लिहिते. आई पूर्वी संडेस्कूल घ्यायची, महिला मंडळ चालवायची. आता स्मृतिभ्रंशानं तिला मी कोण तेही कळत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू केली तर दोन शब्दांवर अडते. परवा तिनं विचारलं, 'येशू कोण?' मला भीती वाटते की तिचा विश्वास राहिलाच नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या की, समजत नसेल तर तिला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, देऊ नये.

उत्तर : बाळ, गलतीकरांस पत्र ४:९ काढ. पौल लिहितो की, आता तुम्ही देवाला ओळखता, आणि तिथंच थांबून स्वतःला दुरुस्त करतो, नव्हे, देवानं तुम्हाला ओळखलं आहे. नात्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते या दुरुस्तीत आहे. तुझ्या आईच्या हातून तिचं टोक सुटलं, म्हणून दुसरं टोक सुटत नाही. यशया ४९ मध्ये देव विचारतो की, आई तान्ह्या लेकराला विसरेल का, आणि पुढे म्हणतो, ती एखादवेळी विसरेल, मी नाही. आजवर आपण ते उपमा म्हणून वाचलं. तुझ्या घरात आई खरोखर विसरली आहे, तेव्हा ते तिला नीट वाचून दाखव. तिला कळेल की नाही याची काळजी करू नकोस.

मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून माझी सारी नोकरी झाली. रात्रपाळीत अशी माणसं पुष्कळ पाहिली. मुलाचं नाव सांगता न येणारी एक म्हातारी गाण्याची पहिली ओळ सुरू केली की तिन्ही कडवी म्हणायची, चालीसकट. बोलणं जातं तिथं गाणं बऱ्याचदा टिकतं. आणि तू तर साताऱ्याची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१७ मध्ये तुमच्या गावी येऊन राहिले, 'देवाचा दरबार' हा भक्तसमुदाय त्यांनी तिथंच सुरू केला, १९१९ मध्ये वारले. त्यांची भजनं तुझ्या आईनं शेकडो वेळा टाळावर म्हटली असणार. मोबाईलवर लावू नकोस, तू स्वतः म्हण. सूर चुकला तरी चालेल, कदाचित तीच दुरुस्त करील.

प्रभुभोजनाचं म्हणशील, तर द्यायचं. पहिल्या प्रभुभोजनाला बसलेल्यांपैकी किती जणांना काय चाललंय ते समजलं होतं? त्या बाईंना माझं नाव सांग. आता नर्स म्हणून सांगते. अशा आजारात घास घशात अडकतो. पाळकसाहेबांना भाकरीचा अगदी लहान तुकडा रसात भिजवून द्यायला सांग. आईला ताठ बसव, हनुवटी जरा खाली, तोंडात काही उरलं नाही हे बघ आणि मगच पाणी. ती आडवी असताना कुणी घाईनं काही भरवू नये.

प्रश्न : मी कऱ्हाडला इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलवरचा मित्र विचारतो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, म्हणजे तुमचे देव तीन की एक? मी पाणी, बर्फ आणि वाफ एकच असतात तसं, असं सांगितलं, तो हसला.

उत्तर : बरं झालं हसला. ते उदाहरण माझ्या संडेस्कूलमध्ये बंद आहे. एकच पाणी एका वेळी तिन्ही नसतं, आणि यार्देन नदीवर येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो, पिता बोलतो, हे एकाच वेळी घडतं. देव एकच आहे, आणि पुत्र त्यानं निर्माण केलेला कुणी दुय्यम नव्हे, हे ३२५ मध्ये नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेनं ठरवलं, तेही पुष्कळ भांडून.

मित्राला गणित सांगत बसू नकोस. योहान १७:२४ दाखव. जगाच्या उत्पत्तीपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस, असं पुत्र पित्याला म्हणतो. म्हणजे माणूस नव्हता तेव्हाही देव एकटा पडलेला नव्हता. करमत नव्हतं म्हणून किंवा सेवेला कुणी हवं म्हणून त्यानं आपल्याला घडवलं नाही. त्याच्याकडे आधीच प्रेम होतं, त्यात त्यानं आपल्याला ओढून घेतलं. तुझा मित्र आणखी प्रश्न काढील. ते माझ्याकडे लिहून पाठव. परीक्षा झाल्यावर पाठवलेस तरी चालेल.