अक्कलदाढ काढताना हाड कापलं तर जबडा कमजोर होतो का?

तुमचं म्हणणं असं, की खालची अक्कलदाढ आडवी आहे, ठाण्यातले डॉक्टर थोडं हाड कापावं लागेल म्हणतात, त्यानं जबडा कायमचा कमजोर होईल का आणि रजा किती टाकू.

नाही होत. दाढेभोवतीचं थोडं हाड कोरतात, तापू नये म्हणून वरून सलाईन सोडत राहतात, आणि दाढेचे तुकडे करून काढतात, म्हणजे हाड कमी कापावं लागतं. हिरडी महिनाभरात मिटते, आतला खळगा हाडानं भरायला काही महिने जातात. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, खालच्या ओठाची नस मुळांना लागून दिसली, तर मात्र सीबीसीटीचे, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनचे, पैसे वाचवू नका. नस दुखावली तर ओठ बधीर राहू शकतो. आणि काम एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ओरल सर्जनकडूनच करून घ्या.

खुर्चीतल्या त्या तासाची भीती सोडा. माझं सगळं रामायण घरी आल्यावर झालं.

२०११ सालची गोष्ट. नौपाड्यातला दवाखाना, चाळीस मिनिटं, तीन टाके. रिक्षात मी, हे आणि सासूबाई. कळव्याच्या पुलावर अडकलो, माझ्या तोंडात बोळा, आणि हे दर दोन मिनिटांनी विचारतायत, "दुखतंय का गं?" हातात डॉक्टरांनी दिलेला कागद: चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही.

घरात शिरल्या शिरल्या सासूबाईंनी पाणी तापवून मीठ घातलं. "रक्त असं आत ठेवतात का कुणी? सडेल ते." मी कागद दाखवला. "चार बाळंतपणं केलीत मी, मला कागद दाखवतेस?" बाळंतपणाचा दाढेशी काय संबंध, हे तेव्हा विचारायची हिंमत नव्हती. दोनदा खळखळून चूळ भरली. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी शहाळं आणलं, स्ट्रॉसकट. तेही प्यायले.

तिसऱ्या रात्री कळ सुरू झाली. सूज उतरत होती आणि दुखणं चढत होतं, कानात, कानशिलात. गोळीनं ढिम्म फरक नाही. तोंडाला घाण वास. आरशासमोर बॅटरी धरून बघितलं तर खळगा रिकामा, तळाशी पांढुरकं हाड. रक्ताची गुठळी हेच त्या हाडाचं पांघरूण असतं, ते माझ्या खळग्यात उरलंच नव्हतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात.

डॉक्टरांनी खळगा धुऊन औषधाची पट्टी भरली आणि थोड्या वेळात जिवात जीव आला. आता गंमत बघा. त्या पट्टीला भपकन लवंगेचा वास, कारण त्यातलं युजेनॉल हे लवंगेच्या तेलातलंच द्रव्य. सासूबाईंना दारातच वास आला. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला एकच कथा: डॉक्टरनं बिघडवलं, शेवटी आपल्या लवंगेनंच बरं केलं.

तर इथं लिहून ठेवते. लवंग चौथ्या दिवशी बरोबर होती. चूळ पहिल्या दिवशी चूक होती. मिठाचं कोमट पाणी दुसऱ्या दिवसापासून, तेही तोंडात नुसतं फिरवून ओघळू द्यायचं. आणि घरचं लवंगेचं तेल जखमेत ओतू नका, भाजतं.

रजा तीन-चार दिवस पुरे. लोकलनं जात असाल तर आठवडा घ्या, सातव्या दिवशी टाकेही निघतात. गालावर कुणाचं कोपर बसलं तर काय होईल ते सांगायला नको. मऊ भात, गार केलेली पेज. सिगारेट, तंबाखू, मशेरी बंद. पैशांची ओढाताण असेल तर नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथं विद्यार्थी हात साफ करून घेतात म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, वर शिकवणारे सर्जन असतात. दिवस मात्र मोडतो.

चालू असलेली सगळी औषधं आधी सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर नक्कीच, त्यात कधी कधी जबड्याची जखम भरतच नाही.

मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सासूबाई बाजूच्या खुर्चीत होत्या, लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यांचे डोळे नातवाकडे लागलेले, आणि मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. त्या घेणाऱ्या बायकांना ड्राय सॉकेट जास्त होतो, हे पट्टी भरताना कळलं. खालच्या आडव्या दाढेत तो सगळं पाळूनही होतो म्हणे. म्हणजे चुळीचा दोष किती आणि गोळीचा किती, देव जाणे. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.